पांघरूणरावांची बेवारस गाडी

शहरातले फोटोग्राफर त्यांना पांघरूणराव म्हणतात. खरं नाव व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं आहे, पण ती कार्डं ते कुणाला देत नाहीत, कारण कार्डावर कॅमेऱ्याचं चित्र आहे. चित्र पाहिलं की याच्याकडे कॅमेरा आहे हे समोरच्याला कळणार, आणि एकदा कळलं की त्याची नजर गाडीकडे जाणार, अशी त्यांची भीती. तरीही धंदा सत्तावीस वर्षं चाललाय, म्हणजे माणूस कामात किती पक्का असेल ते ओळखून घ्या.

लग्नं, शाळांचे वर्गवार फोटो, ऑफिसांतले निरोपसमारंभ, सगळं ते करतात. दोन कॅमेरे, पाच लेन्स, तीन फ्लॅश, एक ट्रायपॉड आणि वायरींचं एक भेंडोळं. एवढं सगळं अंगावर वागवून कुणाचाच फोटो काढता येत नाही. म्हणून एक कॅमेरा गळ्यात, बाकीचं सामान गाडीत आणि गाडी रस्त्यावर. पांघरूणरावांचा जीवही मग रस्त्यावरच असायचा.

सुरुवातीच्या वर्षांत एकदा त्यांच्या गाडीची काच फुटली होती. एका दुकानाचं उद्घाटन होतं आणि गाडी जेमतेम चार मिनिटं उभी होती. मागच्या सीटवर काळी बॅग होती, ती गेली. बॅगेत जेवणाचा डबा आणि टॉवेल होता; कॅमेरा यांच्या गळ्यातच होता. दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणून मोकळा झाला असता. पांघरूणराव आठ दिवस विचार करत बसले आणि शेवटी त्यांना उमगलं, की चोराला कॅमेरा नको असतो, त्याला बॅग हवी असते. आत काय आहे ते त्यालाही घरी गेल्यावरच कळतं. तेव्हापासून बॅग या वस्तूचं त्यांनी तोंड पाहिलं नाही. बायकोलाही आपली पर्स भाजीच्या पिशवीत, कोबीच्या गड्ड्याखाली ठेवून गाडीत बसावं लागे.

इथपर्यंत त्यांचं चुकत नव्हतं, हे मान्य करायला हवं. सामान घरूनच डिकीत लावून निघायचं. जिथे गाडी उभी करायची तिथे डिकी उघडायचीच नाही, कारण कोपऱ्यावर उभं राहून कोण बघतंय ते आपल्याला दिसत नाही. सीटवर साधी वायरसुद्धा ठेवायची नाही. गाडी उन्हात लावायची नाही, तापलेल्या डिकीत लेन्सचं वाटोळं होतं. हे कुठलाही जाणता फोटोग्राफर सांगेल. पण जाणत्या माणसाला कुठे थांबायचं तेही कळतं, आणि नेमकं तेवढंच पांघरूणरावांना कळत नव्हतं.

त्यांनी लेन्स रंगाच्या रिकाम्या डब्यांत ठेवायला सुरुवात केली. डब्यांवर बाहेरून वाळलेले ओघळ, आत मऊ कापड. ट्रायपॉड उसवलेल्या सतरंजीत गुंडाळला. फ्लॅश फाटक्या गमबुटांत गेले. दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी मासेवाल्याकडून थर्माकोलचं खोकं आणलं. थर्माकोलमुळे आत ऊन लागत नाही हा शास्त्राचा भाग, आणि वास हा बंदोबस्ताचा भाग. खोकं त्यांनी तीनदा धुतलं आणि चौथ्यांदा मुद्दाम धुतलं नाही. पुढे एका लग्नात जवळून काढलेल्या प्रत्येक फोटोत नवरी नाक मुरडून उभी असलेली दिसली. तिच्या सासरच्यांनी त्याचा भलताच अर्थ घेतला. त्या घरातून पांघरूणरावांना पुन्हा बोलावणं आलं नाही.

गाडीचं आतलं सोंग सजवून झाल्यावर त्यांनी ती बाहेरूनही सजवायला घेतली. धुणं तर केव्हाच बंद झालं होतं. डाव्या दाराचं कुलूप ठणठणीत असताना ते दार दोरीने बांधलं. मागच्या धडधाकट काचेवर पुठ्ठा चिकटवला, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं काच आधीच कुणीतरी फोडून गेलाय. बॉनेटवर वाळकी पानं पसरली. ती वाऱ्याने उडाली की बागेतून नवी आणत. आरशाच्या कोपऱ्यात एका कोळ्याने जाळं विणलं, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की जाळं तुटू नये म्हणून महिनाभर ते गाडी सायकलच्या वेगाने चालवत होते. मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार. बायको शेजारी मान खाली घालून बसलेली असायची आणि नातेवाइकांच्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडेच उतरायची.

गाडीजवळ कुणी विचारलंच, तुम्ही काय करता, तर म्हणायचं रंगारी. हे उत्तर जिभेवर इतकं बसलं होतं की झोपेतून उठवून विचारलं तरी तेच आलं असतं.

आणि एवढं करूनही चैन नाहीच. कुठेही गेले की दर पंधरा मिनिटांनी “आलोच” म्हणून गाडी बघून यायचं. पाहुण्यांकडे जेवताना, दवाखान्यात नंबर लागलेला असताना, फोटोसाठी चाळीस माणसांना तीन रांगांत उभं करून. पण बाहेरच्यांचं सोडा. त्यांना एकच मुलगी. लहानपणी ती शाळेच्या नाटकात राजा झाली, राजाने मिशीला पीळ दिला, तेव्हा हे खाली गाडीपाशी. ती पदवी घेऊन मंचावरून उतरली तेव्हा आईच्या शेजारची खुर्ची रिकामी. मुलीचे अप्रतिम फोटो त्यांच्याकडे आहेत. मात्र प्रत्येक समारंभाचे सुरुवातीचे आणि शेवटचे. मधला भाग दर वेळी गाडीने खाल्लेला. मुलीने त्याबद्दल कधी आदळआपट केली नाही. ती पाण्याच्या तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे, काय कमी आहे ते नीट मोजून मगच बोलायची तिला सवय.

ती बोलली ती लग्न ठरल्यावर. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, “बाबा, आम्ही नोंदणी ऑफिसातच लग्न करतोय. तारीख मिळाली. अकरा वाजता, दुसरा मजला.”

“तिथे गाडी कुठे लावतात?” हा बापाचा पहिला प्रश्न.

बायकोने कपाळाला हात लावला. मुलीने मात्र हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली.

“माझ्या बाजूने साक्षीदार तुम्ही आहात,” ती म्हणाली. “माझी एकच अट आहे. त्या दिवशी तुम्ही गाडी बघायला एकदाही खाली जायचं नाही. गेलात, तर मी सही करणार नाही. तशीच घरी येईन.”

“अगं, पण वेळ किती लागेल?”

“तासभर.”

“तासभर म्हणजे चार चकरा झाल्या.”

“एकही नाही, बाबा.”

ती बोलली म्हणजे करणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. होणारा जावईही हे ऐकून जरा पांढरा पडला, कारण सासऱ्याची कीर्ती त्याच्या कानावर गेली होती. मग घरात सराव सुरू झाला. रोज बायको घड्याळ लावून त्यांना खुर्चीत बसवायची. पहिल्या दिवशी सतरा मिनिटांत त्यांना घाम फुटला. दुसऱ्या आठवड्यात चाळीस मिनिटांपर्यंत मजल गेली, पण त्यातली शेवटची दहा मिनिटं ते खुर्चीचे हात धरून बसले होते.

याच काळात गाडीच्या पुढच्या काचेवर नगरपालिकेने नोटीस चिकटवली. सदर वाहन बेवारस स्थितीत आढळले असून सात दिवसांत न हलवल्यास उचलून नेण्यात येईल. खाली तारीख, शिक्का, सही. पांघरूणरावांनी ती दोनदा वाचली. त्यांचा ऊर भरून आला. सत्तावीस वर्षांची मेहनत, आणि आज सरकारने शिक्का मारून सांगितलं की या गाडीत काही नाही.

“अहो, ती काढा आधी,” बायको म्हणाली.

“काढू? वेड लागलंय का तुला? गाडी हलवा एवढंच म्हणतात ना, रोज हलतेय की. पण हा कागद बघून कुठला चोर जवळ येईल?”

पावसाने कागद खराब होऊ नये म्हणून त्यांनी नोटिशीवर चारी बाजूंनी रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावली. शिक्का झाकला जाणार नाही एवढी काळजी घेतली. तारीख केव्हा उलटली ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

लग्नाच्या दिवशी घर बंद राहणार होतं. बंद घरात सामान ठेवणं म्हणजे चोराला आवतण, म्हणून त्यांनी दोन्ही कॅमेऱ्यांसकट सगळंच्या सगळं सामान गाडीत भरलं. मुलीने सांगून टाकलं होतं की फोटो जावयाचा मित्र काढेल. बाबांनी फक्त बाबा म्हणून यायचं. ऑफिसच्या बाजूच्या गल्लीत झाडाखाली गाडी लागली. बायकोने किल्ली मागून घेऊन पर्सच्या तळाशी टाकली. वर जाताना पांघरूणरावांनी पायऱ्या मोजल्या. चव्वेचाळीस. पळत उतरलं तर एक मिनिट.

दुसऱ्या मजल्यावर लांबलचक बोळ होता, भिंतीला लागून बाकं, आणि बोळाच्या टोकाला एक खिडकी. त्यांचा नंबर नऊ. आत तिसरा चालू होता. पांघरूणराव खिडकीकडे पाठ करून बसले आणि समोरच्या भिंतीवरच्या सूचना पाठ करू लागले. पाचव्या नंबरपर्यंत त्यांनी पायही हलवला नाही. बायको कौतुकाने बघत होती. सहाव्याला त्यांचा एक गुडघा नाचू लागला, सातव्याला दुसरा.

मुलगी मघाशी वारा घ्यायला खिडकीशी गेली होती. ती परत आली तशी त्यांना राहवलं नाही.

“गाडी दिसते का गं तिथून?”

“दिसते.”

“ठीक आहे ना?”

“ठीक आहे,” ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. “बसा तुम्ही.”

ते बसले. आठवा नंबर आत गेला. मुलगी जावयाशी काहीतरी बोलायला वळली, तेव्हा पांघरूणरावांच्या मनात आलं, अट खाली न जाण्याची आहे, खिडकीत न जाण्याची नाही. एवढी पळवाट माणसाला पुरते. ते उठले, हळूच बोळाच्या टोकाला गेले आणि खाली वाकून पाहिलं.

नगरपालिकेचा ट्रक गल्लीत आडवा उभा होता. गाडीची पुढची चाकं जमिनीपासून हातभर वर होती आणि एक माणूस वाकून खाली हुक अडकवत होता. दुसरा हातात कागद घेऊन काचेवरची नोटीस त्याच्याशी ताडून पाहत होता.

चव्वेचाळीस पायऱ्या, एक मिनिट. हाक मारली तरी माणसं थांबली असती. मी मालक आहे, एवढंच ओरडायचं होतं. आयुष्यभराची कमाई त्या हुकाला लटकत होती. त्यांचा एक हात खिडकीच्या कडेवर होता आणि पाय आपोआप जिन्याकडे वळले होते.

“नंबर नऊ,” शिपायाने पुकारलं.

“बाबा?” मागून मुलीचा आवाज आला. “काय बघताय?”

ते वळले. खिडकी अंगाने झाकेल असे उभे राहिले. झाकण्यात त्यांचा हात कोण धरणार? “काही नाही,” ते म्हणाले. “गाडी आहे जागेवर. चल.”

आत अधिकारी बाई चष्मा नाकावर आणून नोंदवहीत लिहीत होत्या. साक्षीदाराचं नाव विचारलं, ते त्यांनी बरोबर सांगितलं. पत्ताही सांगितला. रस्त्यावरून ट्रक निघाल्याचा आवाज आला, आणि तेवढ्यात बाईंनी विचारलं, “व्यवसाय?”

“रंगारी,” पांघरूणराव म्हणाले.

बाईंनी लिहिलं. जावई खाकरला. सरकारी नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, त्यामुळे मुलीच्या लग्नाच्या दाखल्यावर तिचा बाप कायमचा रंगारी झाला. मुलगी मात्र त्यांच्याकडे बघत होती, आणि सही करताना तिने एकदा मान वर करून ते आहेत ना याची खात्री केली. ते होते. त्यांनीही सही केली.

खाली आल्यावर झाडाखाली पानांचा ढीग तेवढा उरला होता.

“अहो, गाडी कुठे गेली?” बायकोने विचारलं.

“अरेच्चा,” पांघरूणराव म्हणाले. चेहऱ्यावर नाटक आणणं त्यांना कधीच जमलं नव्हतं, पण त्या क्षणी कुणाचंच त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करणारा बसला होता, त्याने सगळं सांगितलं. “पालिकेचे लोक घेऊन गेले. बेवारस होती म्हणे. इतकी जपून ठेवलेली नोटीस आम्ही कधी पाहिली नाही, असं म्हणत होते.”

नवरा-नवरी, आई आणि बाप असे चौघं टॅक्सीत दाटीवाटीने बसून शहराबाहेरच्या आवारात पोचले, तोवर दुपारचे तीन वाजले होते. तिथे बेवारस गाड्यांच्या रांगाच रांगा होत्या. कुणाची चाकं गेलेली, कुणाच्या सीटा, कुणाची स्टिअरिंगं. फाटकाशी राखणीला बसलेली बाई लोकरीचं विणत होती. तिने फॉर्म पुढे केला. वाहनात काही किमती वस्तू होत्या का, असा त्यात एक रकाना होता. पांघरूणरावांनी पेन हातात घेतलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि लिहिलं: रंगाचे डबे, जुने बूट, सतरंजी.

“ती वासाची गाडी तुमची होय,” बाई म्हणाली. “शेवटच्या रांगेत आहे. आणतानाच डिकी उघडली, ती लागतच नाहीये. भंगारवाले आले होते मघाशी. बाजूच्या गाडीची बॅटरी नेली. तुमच्या डिकीत डोकावले, डबे बघितले, रंग वाळला असेल म्हणाले. खोक्याला एकाने लाथ मारली आणि नाक धरून पळाला.”

पांघरूणराव पळत सुटले. डिकी सताड उघडी होती. त्यांनी पहिला डबा उघडला, लेन्स होती. दुसरा उघडला, होती. बुटांत हात घातला, फ्लॅश होते. खोक्यात दोन्ही कॅमेरे होते. पुठ्ठा तेवढा कुणीतरी नेला होता. सत्तावीस वर्षं ज्याची भीती बाळगली ते सगळं एका दुपारात घडून गेलं होतं, आणि कुणी एक झाकणही उचललं नव्हतं. आनंदाने त्यांना ओरडावंसं वाटलं, पण आजूबाजूला माणसं होती, म्हणून ते गप्प राहिले.

बायको आणि जावई फाटकापाशी कागदांवर शिक्के घेत थांबले होते. मुलगी एकटीच त्यांच्यामागून आली. लग्नाचे कपडे सावरत ती गाडीला टेकून उभी राहिली.

“सगळं आहे?” तिने विचारलं.

“सगळं आहे. बघ, म्हणत होतो की नाही मी? एक वस्तू हलली नाही.”

“बाबा, मला तो ट्रक दिसला होता.”

पांघरूणरावांचा डब्यावरचा हात थांबला. “कधी?”

“तुम्ही विचारलंत ना, गाडी ठीक आहे का, त्याच्या आधी. माणूस खाली उतरून नोटीस वाचत होता. मला तेव्हाच कळलं.”

“आणि तू ठीक आहे म्हणालीस?”

“हो.”

“अगं, माझं सगळं होतं त्यात. उद्या मी काय केलं असतं?”

“माहीत नाही,” ती म्हणाली. “सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता. मला तुम्ही तिथे हवे होतात. राग आला असेल तर या रागाला माझी हरकत नाही. पण मी पुन्हा तेच केलं असतं.”

राग आलाच होता. तो कानापर्यंत चढला आणि तिथेच थांबला. आपल्या मुलीने आपल्याला एक तास जवळ ठेवण्यासाठी काय काय पणाला लावलं, ते त्यांच्या आत हळूहळू उतरत गेलं, आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“मीपण पाहिला,” ते म्हणाले.

“काय?”

“ट्रक. तू येऊन बसलीस, त्यानंतर. पुढची दोन्ही चाकं वर होती. एकजण हुक लावत होता, चेक्सचा शर्ट होता त्याचा.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली.

“मग तुम्ही गेला का नाही?”

“तुझा नंबर आला होता,” पांघरूणराव म्हणाले.